आबांची मेंढरं

सणसवाडी,
४ ऑक्टोबर १९९८

चि. बिरदेवास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर बघून वाटलं, कुरकुंभच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलास आणि झोपेतच लिहिलंस. असो. मेंढरं विकून इतकी वर्षं झाली तरी आबा पहाटे काठी घेऊन ती चारायला निघतात, म्हणून तू दाराला बाहेरून कडी लावतोस, हे वाचून पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. अरे, ज्यांनी उभा जन्म उघड्यावर काढला त्यांना कोंडू नये.

सुट्टीच्या दिवशी त्यांना वनखात्याच्या राखीव कुरणात फिरवून आण. दसरा झाला, गवत पिकलं असेल. मला भाऊबीजेशिवाय रजा नाही. तोवर आबा मला विसरणार तर नाहीत ना, एवढीच धास्ती वाटते.

चि. सौ. नीलमला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी ताई

बिरोबाची वस्ती, ता. दौंड,
११ ऑक्टोबर १९९८

ती. सौ. ताईस बिरदेवचा शि. सा. नमस्कार.

झोपेत लिहीत नाही, माझं अक्षरच तसलं. गुरुवारी आबांना कुरणात नेलं. गवत कमरेएवढं, पिवळंधमक. धोतरभर कुसळं रुतली तरी आबा असे चालले की मलाच धाप लागली. तरवड अजून फुललेला होता. हिवराखालचं खोकडाचं बीळ त्यांनीच दाखवलं. टिटवी ओरडली तर तिलाच दटावलं.

ओढ्याच्या चिखलात लांडग्याचं पाऊल दिसलं आणि त्यांचा नूर पालटला. कोकरं कुठं हायती, म्हणून विचारू लागले. तेवढ्यात समोर चिंकारा हरणं चरताना दिसली. आबांना ती आपलीच मेंढरं वाटली. त्यांनी पूर्वीसारखी हाळी दिली, तशी हरणं उधळली. आबा मटकन खाली बसले आणि रडत म्हणाले, माझी जित्राबं मला वळखंना झाली.

मी हात धरून उठवलं. तर मलाच विचारलं, तू कुणाचा रं पोरा, लई गुणाचा हायेस. ताई, घरापर्यंत माझे डोळे खळले नाहीत. भाऊबीजेची वाट बघू नकोस, लगेच ये.

तुझ्या मायेचा,
बिरदेव

सणसवाडी,
२५ ऑक्टोबर १९९८

चि. बिरदेवास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. मी निघाले त्या दिवशी तू पाळीवर होतास. तेव्हाचं तोंडानं सांगणं मला जमलं नसतं, म्हणून लिहिते.

मी अंगणात बाजरी पाखडत होते. आबा आले, वहाणा बाजूला काढल्या आणि अदबीनं उभे राहिले. म्हणाले, बाई, लांबनं आलोय, तुमच्या रानात मेंढरं बसवू का, खत चांगलं पडंल. आठवतं ना, मुक्कामाला ते गावोगाव असंच विचारायचे आणि आपण मागं घोड्यावर बसून वाट बघायचो? त्यांच्या लेखी मी कुणा बागायतदाराची सून. जन्म दिलेल्या बापानं मला अहोजाहो केलं रे.

मी तुमची लेक आहे, असं सांगणार होते. पण त्यांच्या तोंडावर इतका शिणवटा होता, नाही म्हटलं तर आता जाऊ कुठं, असा. मी म्हटलं, बसवा की, रान तुमचंच हाय.

त्यांनी मला हात जोडले. मग रिकाम्या रस्त्याकडं वळून मोठ्यानं म्हणाले, साधे, उतर गं घोड्यावरनं, जागा घावली.

आबांना जप. तुलाही जड जातंय, कळतं मला. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
साधनाताई