साहेबांचं आडनाव

अण्णा, परवा तुमच्या नातीला शाळेतून आडनावांचा प्रोजेक्ट मिळाला. तिच्या वर्गातल्या जर्मन मुलीचं आडनाव म्युलर, म्हणजे गिरणीवाला. दुसरा एक श्नायडर, म्हणजे शिंपी. "पप्पा, व्हॉट डझ अवर्स मीन?" मी म्हटलं, आपल्या गावाचं नाव आहे. "बट व्हॉट डिड दे डू देअर?" यावर मला तुमचं इथलं, दुबईच्या अल क्वोजमधलं वर्कशॉप आठवलं.

नोकरीसाठी इकडे येण्याआधी मी गॅझेटमध्ये आडनाव बदलून घेतलं होतं. सुतार काढून गावाच्या नावापुढे 'कर' लावला. तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "ऑफिसात बरं पडत असेल तर कर." कोणी अडवलं होतं म्हणून मी ते केलं नव्हतं, हे आता लिहायला हरकत नाही.

तो शुक्रवार अजून दिसतो: सुट्टीचा दिवस, तरी तुमचा ओव्हरटाइम चालू आहे. मी पहिल्यांदाच वर्कशॉपवर आलोय. मला स्टुलावर बसवून तुम्ही चहा आणायला जाता. तेवढ्यात तुमचे जर्मन मॅनेजर येतात. मी उठून नव्या आडनावाचं ऑफिसचं कार्ड पुढे करतो. ते वाचून विचारतात, आमच्या सुतारचा तू कोण? मी म्हणतो, आम्ही एकाच गावचे.

तुम्ही तीन कप घेऊन आलात. "साब, ये मेरा बडा लडका." साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, कार्ड खिशात घातलं आणि कप घेतला. तुम्ही मात्र खुशीत मला सांगत होतात, "यांचं आडनाव त्सिमरमान. म्हणजे सुतारच की रे. चार पिढ्यांत घरात कोणी रंधा धरला नाही म्हणतात, तरी नाव तेच. मी म्हटलं, मग साहेब आमच्या भावकीतले."

त्यानंतर तुम्ही मला वर्कशॉपवर कधी बोलावलं नाहीत. भुसा फार उडतो, रूमवरच ये, म्हणायचात. साहेब तुम्हाला काही बोलले होते का, की खरंच भुशामुळे, हे तुम्ही होतात तोवर विचारायचं धाडस झालं नाही.

काल नातीच्या वहीत मी लिहून दिलं: आधीचं आडनाव सुतार, काम लाकडाचं. तिला ते आवडलं. मग का बदललं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आजोबांनीच सांगितलं होतं.

अण्णा, तिला खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. हा कागद डायरीतच ठेवतो.