मी विमान बनवलं नाही, जोडलं

मी, यज्ञेश्वर दामोदर खानझोडे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा निवृत्त, राहणार दारव्हा रोड, यवतमाळ, आज गुरुवार दिनांक ७ फेब्रुवारी २००८ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फसवलेले नाही, काही पाजलेले नाही. मात्र 'स्थिर चित्ताने' हे शब्द मी लिहिणार नाही. वकील धर्मपाल भगत यांनी दिलेल्या नमुन्यात ते होते. मी ते खोडले आणि खोडल्या जागी सही केली. सोमवारी नागपूरला माझ्या छातीचे ऑपरेशन आहे आणि सकाळपासून मी चौथ्यांदा या खुर्चीवरून उठलो आहे. सौ. म्हणते, "अहो, एका जागी बसा नं. कागद काय पळून चालला कुठे?"

वाटणीचे काम सोपे आहे. आम्हाला एकच अपत्य, मुलगी भैरवी. ती बंगलोरला सरकारी प्रयोगशाळेत इंजिनिअर आहे; आपल्या देशाचे स्वतःचे लढाऊ विमान जिथे तयार होत आहे, तिथे. चार वर्षांपासून ती माझ्याशी बोलत नाही. दोष माझा आहे. तिचे फोन आईला येतात आणि मी शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत बसतो. सोमवारी टेबलावरून उठलो नाही तर हे असेच राहील, याची मला फार भीती वाटते. बाकी सगळी कलमे त्या एका कलमासाठी आहेत, पण रीत आहे म्हणून क्रमाने लिहितो.

कलम एक. राहते घर, मागच्या विहिरीसह, माझी पत्नी सौ. सुचित्रा हिचे. तिच्यानंतर भैरवीचे. घर विकायचे झाल्यास विकावे, मला काही वाटणार नाही. मेलेल्या माणसाला वाटून तरी काय उपयोग. फक्त बैठकीतला पंखा काढताना जपून काढावा, त्याचा हूक मी चुकीच्या जागी ठोकला आहे. हे आजवर कोणाला सांगितले नव्हते.

कलम दोन. बँकेतले व पोस्टातले जे असेल ते सर्व सुचित्राचे. पासबुके कुठे आहेत ते तिला माहीत आहे, मलाच नाही.

कलम तीन. माझ्या निधनाची बातमी कोणी छापलीच, तर तीत 'विमाने बनवणारे' असे येता कामा नये. मी नाशिकजवळच्या एका विमान कारखान्यात एकतीस वर्षे होतो. फिटर म्हणून लागलो, चार्जमन म्हणून सुटलो. परदेशातून पेट्या यायच्या. पेटीत भाग, भागावर नंबर, नंबराप्रमाणे रशियन अक्षरांतला नकाशा. आम्ही ते भाग नकाशाबरहुकूम जोडायचो, आणि चोख जोडायचो. पण बनवणे वेगळे आणि जोडणे वेगळे. यवतमाळला परतल्यावर आमच्या कॉलनीच्या वाचनालयाने दर सव्वीस जानेवारीला माझी ओळख 'लढाऊ विमाने बनवणारे आपले खानझोडे साहेब' अशी करून दिली, आणि मी दरवेळी शाल घेऊन गप्प खाली बसलो. बारा शाली झाल्या आहेत. त्या सर्व आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या हंसाबाईंना द्याव्यात. त्यांच्या घरी माणसे जास्त आहेत आणि शालीवर खोटे काही छापलेले नाही.

कलम चार. माझी हत्यारे, म्हणजे शिकंजा, कानशींचा संच, दोन मायक्रोमीटर आणि पान्यांची पेटी, येथील आयटीआयच्या फिटर वर्गाला द्यावीत. पेटीतला एक पाना मात्र वेगळा काढावा. त्याची मान वाकडी आहे. तो मी १९७३ साली स्वतः घडवला. एक नट घट्ट करायला दिलेल्या पान्याने तास जाई, माझ्या पान्याने बारा मिनिटे. तो मंजूर व्हावा म्हणून मी नकाशा काढून रीतसर अर्ज केला. वर्षभराने उत्तर आले, मूळ आराखड्याबाहेरचे साधन वापरता येणार नाही. पुन्हा अर्ज केला. तिसऱ्यांदा केला. तेव्हा तिथे असलेल्या परदेशी तज्ज्ञाने माझ्या खांद्यावर हात ठेवून 'नेल्झ्या' म्हटले. म्हणजे चालायचे नाही. माणूस भला होता, पण विमान त्यांचे होते, त्याला तरी दुसरे काय म्हणता आले असते? अकरा वर्षे मी त्या पान्यासाठी अर्ज केले. मग सोडून दिले. तो पाना भैरवीला द्यावा. तिला तो लागणार नाही, तरी द्यावा.

(इथे उठलो होतो. चहा झाला. शाईचे पेन बंद पडले म्हणून पुढचे बॉलपेनने आहे. हस्ताक्षर माझेच.)

कलम पाच. नेरचे माझे शाळासोबती भगवानराव ठाकरे यांना मी माझा रेडिओ देणार होतो. वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. ते साक्षीदार तरी होतील नाहीतर रेडिओ तरी घेतील. भगवानरावांना विचारले. ते म्हणाले, "रेडिओ ठेव तुह्यापाशी. त्याच्यावर आजकाल लागते काय? मी सही करतो." सबब रेडिओ सुचित्राचा.

भगवानरावांविषयी इथेच लिहिले पाहिजे, कारण त्यांच्यावाचून पुढचे कलम समजणार नाही. त्यांची पंधरा एकर काळी जमीन आहे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर. दर मंगळवारी ते यवतमाळला येतात, आणि आमच्या ओसरीवर आमचा एकच वाद चालतो. देशाने लढाऊ विमान स्वतः बनवावे की बाहेरून घ्यावे? मी बनवण्याच्या बाजूचा. ते घेण्याच्या. मी म्हणायचो, "भगवानराव, तुम्ही घरची सरकी ठेवायचे तेव्हा मालक होता. आता दरसाल पाकीट विकत आणता. त्याचं बी पुढच्या साली चालत नाही. विकतचं विमान म्हणजे तसंच पाकीट. नट बदलायचा तरी परवानगी." मी हे जिवाच्या आकांताने बोलायचो, ते का हे कलम चारवरून कळेल.

त्यावर ते म्हणायचे, "अबे यज्ञ्या, घरचं बियानं सुदरू दे, मंग पेरू म्हनशीन, त पानी काय थांबून राह्यते तुह्यासाठी? पेरनीची येळ गेली की गेली. उद्या लढाई लागली त दुश्मनाले सांगशीन काय, थांब बाप्पा, आमचं इमान अजून तयार होऊन राह्यलं? आनि तवर त्या जुन्या इमानात बसते कोन? तू नाई बसत. कोनाचं तरी पोट्टं बसते."  मी म्हणायचो, चहा घ्या.

कलम सहा. आता ते कलम.

चार वर्षांपूर्वी, डिसेंबर महिन्यात, भैरवीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. तिने आपल्या विमानाच्या एका भागाचा नकाशा बदलायला सुचवले होते आणि ते अकरा दिवसांत मंजूर झाले होते. ती म्हणाली, "बाबा, अकरा दिवसांत! आपलं विमान आहे नं, विचारायचं कोणाला?" मी 'छान' म्हटले. एवढेच म्हटले. फोन ठेवला आणि मला बसवेना. बाप म्हणून पेढे वाटायला हवे होते. मी अंगणात फेऱ्या मारत राहिलो. मला माझ्या मुलीचा हेवा वाटला. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. हेवाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नागपूरच्या एका दैनिकाला पत्र लिहिले. वीस वर्षे झाली, विमान सैन्याला मिळालेले नाही. इंजिन अजून परकेच. तोवर आमची मुले जुन्या विमानांत बसून जीव धोक्यात घालतात. हौस पुरे, बाहेरून घ्या. खाली लिहिले, 'यज्ञेश्वर खानझोडे, एकतीस वर्षे लढाऊ विमाने बनवण्याचा अनुभव'. बनवण्याचा, असे माझ्या हाताने लिहिले. संपादकांनी 'घरचा पांढरा हत्ती' असा मथळा दिला. कोणीतरी ते कात्रण बंगलोरच्या प्रयोगशाळेत सूचनाफलकावर लावले. आडनाव एकच, तेव्हा सगळ्यांना कळले. भैरवीने आईला फोन केला आणि म्हणाली, "बाबांना सांग, वाचलं." त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही.

भगवानराव पुढच्या मंगळवारी पेपर घेऊन आले. आधी खूश होते. "सारं माह्या तोंडचं लिवलं तू." मग पेपर खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिले. "पन तू त त्या बाजूचा होता. मंग उलटं काहून लिवलं? लेक तिथं काम करून राह्यली अन् तू तिच्या खुर्चीखाली जाळ लावते? कायले?" मी कापसाच्या भावाचे काढले. तेव्हापासून या ओसरीवर विमानाचा वाद झालेला नाही. आम्ही कापसाच्या भावावर बोलतो.

तरी मी या कलमान्वये जाहीर करतो की ते पत्र मी मागे घेत आहे. त्यातला प्रत्येक मुद्दा भगवानरावांचा होता आणि त्यांच्या तोंडी तो प्रामाणिक होता. माझ्या हाती तो खोटा झाला. देशाने विमान घ्यावे की बनवावे, हे माझ्याहून शहाणी माणसे ठरवतील. मी ते पत्र देशासाठी लिहिलेले नव्हते. जे मला एकतीस वर्षांत करू दिले नाही, ते माझ्या मुलीला करू देतात, हे मला सोसले नाही. भैरवी, माझे चुकले. मला माफ कर.

येथपर्यंत लिहून मी कागद घरी आलेल्या वकिलांना दाखवला. धर्मपाल माझ्याहून पस्तीस वर्षांनी लहान आहेत. त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाले, "काका, बाकी ठीक आहे. सहावं कलम बसत नाही. आपण गेल्यावर मागं जे उरतं, ते मृत्युपत्रात देतात. हे तर तुम्हाला आजच देता येतं. अन् ती हे वाचणार कधी? तुम्ही नसताना. मग बिचारीनं भांडावं कोणाशी?"

सुचित्रा दारात उभी होती. तिने नंबर लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"भैरवी, मी बाबा."

"आईला काय झालं?" तिने पहिले हेच विचारले. चार वर्षांनी बापाचा फोन येतो तो आईचे काही बरेवाईट झाले म्हणूनच, असे तिला वाटावे, ही माझी कमाई.

"आई बरी आहे. ते पत्र खोटं होतं, हे सांगायला केला."

"खोटं काय होतं त्यात?" ती म्हणाली. "आम्हाला उशीर झाला, हे खरं आहे. इंजिन बाहेरचं आहे, हे खरं आहे. त्यातल्या वाक्यावाक्याला मी चार वर्षं उत्तर शोधते आहे, बाबा. निम्म्यांना नाही सापडलं."

"मुद्दे खरे असतील. ते माझे नव्हते. माझं जे होतं ते मी मृत्युपत्रात लिहिलं आहे."

 ती म्हणाली, "मला ते नंतर वाचायचं नाही. तुम्ही मला वाचून दाखवा. रविवारी येते. तोवर सही करू नका."

पुरवणी, रविवार दिनांक १० फेब्रुवारी २००८.

भैरवी सकाळी नागपूरहून एसटीने आली. केस पिकले आहेत तिचे, मला कोणी सांगितले नव्हते. सुचित्रा, वकील आणि दोन्ही साक्षीदार यांच्यासमोर मी कलम सहा वाचून दाखवले. उभ्यानेच वाचले, बसवत नव्हते. 'हेवा' या शब्दाशी दोनदा अडलो. दुसऱ्यांदा पुन्हा पहिल्यापासून वाचले.

भैरवी म्हणाली, "अकरा दिवसांत मंजूर झालं म्हणून?"

मी हो म्हटले.

ती म्हणाली, "तो भाग जोडणीत बसलाच नाही, बाबा. काढून टाकावा लागला. मी कागदावर बरोबर होते. जोडणाऱ्या माणसाला आधी विचारायला हवं होतं. म्हटलं होतं, बनवायला देण्याआधी बाबांना विचारू. फोन लावणार, त्याच दिवशी ते पत्र वाचलं." आणि ती रडली. मीही रडलो, साक्षीदारांदेखत, हे नोंदवतो.

भगवानराव म्हणाले, "मंग घ्या नं बाहेरून, इतका तरास कायले?" आणि तिने डोळे पुसत पुसत त्यांना सुनावले, "काका, न बसलेला भाग काढून दुसरा बसवायला मी बाहेरच्या कोणाची परवानगी घेतली नाही." त्यावर त्या दोघांचे जे सुरू झाले ते मी हे लिहीत असतानाही चालू आहे.

मघाशी माझ्या हातातला कागद घेऊन भैरवी म्हणाली, "हे कलम खोडा आता. मिळालं मला."

सबब कलम सहा आडव्या रेघेने खोडले आहे व रेघेवर माझी सही आहे. त्या कलमाने जे द्यायचे होते ते मी माझ्या हयातीत भैरवीला दिले असून तिने ते समक्ष स्वीकारले आहे. माझ्या पश्चात तिला त्याबद्दल काहीही येणे नाही.

सही: यज्ञेश्वर दामोदर खानझोडे

मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्यासमोर सही केली व आम्ही त्याच्यासमोर केल्या:

१. भगवानराव ठाकरे, शेती, राहणार नेर
२. सेवादास राठोड, निवृत्त एसटी मेकॅनिक, राहणार दारव्हा रोड, यवतमाळ

स्थळ: यवतमाळ
दिनांक: १० फेब्रुवारी २००८