आठपैकी किती आभाळ

२ जुलै ७२
जूनचा तक्ता काल टपालात टाकला. नि.ला मिळायला तीन आठवडे तरी.
सकाळी साडेआठ, गच्ची. भाकरीचे आठ तुकडे करावेत तसं आभाळ मनात कापायचं आणि ढगांनी किती झाकले ते लिहायचं. जाताना नि.नेच शिकवलं. ती कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, हवामानाच्या ठाण्यावर हेच करते. लेक तिकडचं आभाळ मोजते, आई इकडचं. तेवढीच सोबत.
आज खरे: शून्य. तक्त्यात: दोन.

३ जुलै
खोटं का, ते इथं तरी लिहावं. मार्चमध्ये खरंच लिहून पाठवलं होतं. शून्य, शून्य, शून्य. लगेच पत्र: नळाला पाणी येतं का, बाबा कसे आहेत, काम टाकून निघून येऊ का? मे महिन्यापासून मी थोडे थोडे ढग घालू लागले. पोरीला घोर नको.
होटगीची गोदाबाई दूध घालताना म्हणाली, “बाई, रोज वर बघून काय लिवायलाव?”
“ढग मोजते.”
“मोजायला हायत कुटं?”

१८ जुलै
दोन पत्रं एकदम! पंधरा दिवस तिकडे जमिनीलगत राखाडी मळभ होतं; ते उठल्याशिवाय टपालाचं विमान उतरत नाही. उन्हाळाभर सूर्य मावळत नाही, पण दिसतही नाही म्हणते. ते ढग वरून पांढरे, ऊन परतवून लावतात. खालून मात्र गोधडीसारखे, बर्फाची ऊब धरून ठेवतात. दोन्हींतलं जड कोणतं, हेच तिचं काम. ढग विरले तर बर्फ वितळतं, काळं पाणी उघडं पडतं, ऊन पिऊन घेतं, वाऱ्यांच्या वाटा बदलतात. किती लांबपर्यंत? “आपल्या पावसापर्यंत का, कोणाला माहीत नाही, आई. मला ते शोधायचंय.”
अक्षर अजून शाळेतलंच. य ची शेपटी लांब.
दिवसभर करमलं नाही. खरे: शून्य. तक्त्यात: पाच.

१९ जुलै
हे तक्त्यात डोकावून म्हणाले, “पाच? मला तर पुंजकाही दिसला नाही.”
“चष्मा बदला.”
गप्प बसले. तीस वर्षं स्टेशनमास्तर होते. गप्प बसले म्हणजे कळलेलं असतं.

६ ऑगस्ट
नि.ची चादर धुऊन वाळवली. दिवाळीला येते म्हणाली आहे; अजून तीन महिने आहेत, ठाऊक आहे.

१४ ऑगस्ट
पत्र. जसंच्या तसं उतरवते:
“आई, तुझा तक्ता माझ्या तक्त्याशेजारी ठेवला आणि ओरडलेच! इथलं मळभ फाटलं की वीस-बावीस दिवसांनी सोलापूरवर ढग चढतात. मे-जूनमध्ये तीनदा! सर म्हणाले, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, पण अजून एक उन्हाळा राहून बघ. दिवाळीला येणं नाही गं होणार. रागावू नकोस. हे तुझ्यामुळं सापडलंय.”
ह्यांना शेवटचं वाक्य वाचून दाखवलं नाही.

१५ ऑगस्ट
तिची सगळी पत्रं काढली. ही वही शेजारी. दुपारभर.
तिकडचे ढग विरले की विमान उतरतं. विमान उतरलं की पत्र निघतं. वीस-बावीस दिवसांनी माझ्या हातात. आणि पत्र आलं की चार दिवस माझं चित्त थाऱ्यावर नसतं, त्या दिवसांत मी दोनाचे चार, पाच लिहिते. तीनही वेळा तसंच.
पोरीनं शोधलंय ते खोटं नाही. फक्त ते आभाळातलं नाही.

१७ ऑगस्ट
सांगितलं तर सरांसमोर तिची मान खाली. नाही सांगितलं तर अजून एक वर्ष माझ्या थापेपायी तिकडे.
आणि सांगितलं तर ती दिवाळीला येईल. मग मी खऱ्यासाठी सांगते आहे, की दिवाळीसाठी?
कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, वहीत डाग पडला तर चालेल, पण खोटं सुवाच्य लिहू नका. माझा तक्ता फार सुवाच्य आहे.

१८ ऑगस्ट
ह्यांना सांगितलं. हसले नाहीत.
“खरे आकडे आहेत?”
“वहीत आहेत. रोजचे.”
“मग नवा तक्ता करू नकोस. रेल्वेच्या रजिस्टरात रबर चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ, वर खरा, बाजूला सही. चूकही वाचता आली पाहिजे.”

२१ ऑगस्ट
मे ते जुलै, खोटे आकडे उतरवले, एकेक रेघ मारली. सह्या करून हात दुखला. सोबत पत्र: विमानाचं, टपालाचं, माझं. “माझ्या ढगांवर तू एक उन्हाळा घालवू नकोस. तुझ्या ढगांवर घालवणार असशील तर माझं काही म्हणणं नाही.” शेवटी ‘ये’ लिहिणार होते. लिहिलं नाही.
पोस्टात टाकून आले. पेटीत हात घालून परत काढावंसं…

३० ऑगस्ट
साडेआठ. नैर्ऋत्येकडून ढग. दोनदा मोजले. पाच.
ह्यांना वर बोलावलं. मान मागं टाकून बराच वेळ बघत राहिले. “पाच. सहासुद्धा म्हणता येतील.”
“पाचच लिहिते.”
खालून गोदाबाई ओरडली, “बाई, आज लिवा की! आज हायत!”
तक्त्यात ह्यांचीही सही घेतली. माझं पत्र अजून वाटेतच असेल; पुढं तिकडचं मळभ उठायची वाट बघत पडून राहील.
या पंधरवड्यात नि.चं पत्र आलेलं नाही. तरी पाच.