नातीच्या परीक्षेत माझा रक्तदाब

तीर्थस्वरूप ताई,

वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच). तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे ठीक आहे असे लिहिले, तर तू लगेच विश्वास ठेवशील, म्हणून लिहीत नाही.

माझी नात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि माझ्याकडेच राहते, हे तुला ठाऊक आहे. पुस्तके एवढी जाड, की एक उशाला घेऊन पाहिले तर तीन दिवस मान वाकडी. पोरीचे जेवणावर लक्ष नाही, केस विंचरायचे भान नाही. न्हाणीघरात नळ सोडून रडते. तिला वाटते, मला ऐकू येत नाही (एरवी येत नाहीच). तिला एकाच गोष्टीने बरे वाटते. माझे मनगट धरून नाडी मोजायची. मोजता मोजता तिचा जीव थाऱ्यावर येतो. म्हणून पेपर वाचताना डावा हात मी तिच्या स्वाधीनच करून टाकला होता.

गेल्या सोमवारी रक्तदाब मोजायची परीक्षा होती. घरचे एक माणूस आणायचे होते. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. बाहेर बाकावर सगळी मुले पांढरीफटक, आणि त्यांना पाहून मीही. (सातवीत दोनदा बसलेल्या माणसाचे परीक्षेच्या खोलीत काय होते, ते तू पाहिले आहेस.) तिने दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, नळी कानाला लावली आणि थबकली. घरी वरचा आकडा रोज एकशे तीस. मी हळूच म्हणालो, "एकशे तीस सांगून टाक."

"आजोबा, गप्प बसा हो!" म्हणाली, आणि परीक्षक बाईंना सांगितले, "एकशे नव्वद."

"काहीतरीच! पुन्हा मोज," बाई म्हणाल्या.

पुन्हा एकशे नव्वद. पोरीने आकडा काही बदलला नाही. मग बाईंनी स्वतः मोजले. त्यानंतर मला कोणी चालू दिले नाही; चाकाच्या खुर्चीतून नेले.

नात पास झाली, तीही वर्गात पहिली. मी दोन दिवस दवाखान्याच्या खाटेवर. आता घरी आहे, काळजी करू नकोस (तू करणार नाहीसच).

तुझा धाकटा भाऊ

ता. क. खरे लिहायचे ते राहिलेच. पुढच्या आठवड्यात शरीररचनेचा पेपर आहे. आता माझी नाडी मोजताना तिचाच चेहरा उतरतो, आणि तो पाहून नाडी आणखी पळते. तू जन्मात कशाने घाबरली नाहीस (स्वयंपाकघरात पडदा पेटला, तेव्हाही आधी चहा संपवलास). तर तुझे मनगट घेऊन ताबडतोब ये.

आणखी एक. इंजेक्शनची परीक्षा चार महिन्यांनी आहे. तोवर राहिलीस तरी चालेल.