पिशवी काढल्यावर कसला कॅन्सर?

प्रिय अक्का,

बातम्या लिहायची सवय, म्हणून आधी खात्रीचं तेवढं सांगतो. तुझ्या जावेच्या, रुक्मिणताईच्या, डाव्या छातीत गाठ आहे. काल बीडला डॉक्टरीणबाईंनी तपासून तसं सांगितलं. गाठ साधी की कॅन्सरची, हे सुईनं तुकडा काढून तपासल्यावर कळेल. तुला हे कळवायलाच हवं, कारण ही गाठ तुझ्या लेकीच्या हाताला लागली.

शीतल आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात तिच्या कॉलेजच्या मुली तुझ्या सासरच्या गावात आल्या होत्या. शाळेच्या खोलीत बायका जमवून त्यांनी चित्रं लावली. मिश्री सोडा, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या, महिन्यातून एकदा आपली छाती आपल्याच हातानं चाचपून बघा. मागून एक बाई म्हणाली, "पोरींनो, आमच्या पिशव्या काढल्यात. आमाला कॅन्सर कुठून व्हायचा? कशापायी घसा कोरडा करता?" सगळ्या हसल्या, असं शीतल सांगत होती.

तूही अशीच हसायचीस ना?

अंगावरून पांढरं जातंय म्हणून तू गेलीस, आणि त्या खासगी डॉक्टरनं सांगितलं, गर्भाची पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. तिशीही गाठली नव्हतीस. पिशवी काढून घेतलीस, तुझ्यामागून रुक्मिणताईनंही. ऊसतोडीत पाळीची कटकट नको, मुकादमाला खाडे नकोत, नवऱ्यांना कुरकुर नको. सगळ्यांची सोय झाली. त्या डॉक्टरला मी माफ करणार नाही. त्यानं पिशवी काढली ती काढली, वर तुला एक खोटी खात्री देऊन पाठवलं. तुझा जीव त्या खात्रीनं घेतला.

पुढं शीतलनं तुझी गाठ पाहिली तेव्हा तू तिला म्हणालीस, "पिशवीच न्हाई आता, कसला कॅन्सर? दुधाची गाठ असंल. दुखत बी न्हाई." पोरगी दहावीला होती, अक्का. दूध कुठलं? आणि दुखत नव्हती हेच तर वाईट होतं. दुखली असती तर तू गेली असतीस.

त्या वर्षी हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत तू ऊस तोडत राहिलीस. पोरीला शपथ घातलीस, कुणाला सांगायचं नाही म्हणून. परत आलीस तेव्हा गाठ फुटलेली होती. एवढं कुणासाठी झाकलंस? राग येतो तुझा.

शाळेच्या खोलीत त्या बायका हसल्या, तेव्हा शीतलनं हातातलं चित्र खाली ठेवलं. "माझ्या आईचीबी पिशवी काढलेली होती," ती म्हणाली. "तिला छातीचा कॅन्सर झाला. पिशवी काढली म्हणून छातीची काळजी मिटत न्हाई, मावश्यांनो." मग कुणी हसलं नाही. बायका एकेक करून निघून गेल्या. रुक्मिणताई बसून राहिली. खोली रिकामी झाल्यावर तिनं दार लोटलं, शीतलचा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला.

तुझ्या दिरांचं, रुक्मिणताईच्या नवऱ्याचं, मात्र जुनंच चाललंय. "पट्टा पडल्यावर बघू. कोयता नवरा-बायकोचा मिळून धरत्यात, ही न्हाई आली तर माझा मोडतो. जोडीला दुसरं कोण आणू?"

शीतल म्हणाली, "काका, आईबी पट्टा पडल्यावरच दवाखान्यात गेलती."

"नर्स झाली का डॉक्टर झाली ग तू? तोंड लई चालाया लागलंय," म्हणत ते उठून गेले. रुक्मिणताई खाली मान घालून तांदूळ निवडत होती.

ऊसतोडीला नेणारा टोळीचा ट्रक परवा पहाटे पाराजवळ लागेल. सुईची तपासणी त्याच दिवशी दहा वाजता आहे. रुक्मिणताईनं भांडी पोत्यात भरून ठेवलीत. अजून ती येते म्हणालेली नाही, येत नाही असंही नाही. शीतल आणि मी उद्या संध्याकाळीच तिच्या घरी मुक्कामाला जातोय. दीर भांडतील, मुकादम येऊन दम देईल. देऊ दे. तुला शब्द देतो, ट्रक तिला न घेता निघेल.

तुझ्यावर अजून रागावलेला भाऊ,
बापू