पहिल्या रांगेतली खुर्ची

महदिया, ३ मे १९९८

प्रिय मोंजिया आपा हिस,
दलेंदाचा स. सलाम, वि. वि.

गुरुवारी मला हॉटेलातून निवृत्त केलं. लाँड्रीत एकवीस वर्षं काढली म्हणून मॅनेजर शोक्री साहेबांनी चार शब्द बोलून प्रमाणपत्र दिलं आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. आता मला वेळ बघून जायचंय कुठे? मग मोठेपणाने विचारलं, की दलेंदाबाई, आणखी काही हवंय का. मी म्हटलं, हवंय. एक दिवस पाहुण्यांसारखं किनाऱ्यावर पडून राहायचंय, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, काहीही न करता. सगळे हसले. मी हसत नाही हे पाहिल्यावर साहेब म्हणाले, की पाहुण्यांना ते आवडत नाही, आपली माणसं आपल्या जागीच शोभतात.

आपा, त्यांच्या खुर्च्या आज जिथे आहेत तिथे आपण दोघी लोकर धुवायचो. तेव्हा हॉटेल नव्हतं, आणि हे साहेब बहुतेक जन्मलेही नव्हते. माझी जागा कुठली ते यांनी मला सांगायचं?

दिवसाचा पास पैसे देणाऱ्या कोणालाही मिळतो. पण मला द्यायचा नाही असं काउंटरवर बजावून ठेवलंय, आणि काउंटरवर कोण, तर माझंच पोर, नजीब. म्हणून मी बस धरून सूसला गेले आणि एका प्रवास कंपनीच्या दुकानातून पास काढले. वीस तारखेचे, दोन. दुसरा तुझा. निघ.

लोभ आहे तो कमी करू नकोस, मग बाकी काय बोलायचं ते बोल.
तुझी धाकटी,
दलेंदा

अल-केफ, ९ मे

चि. दलेंदा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा कपाळाला हात लावला. छप्पन्न वर्षांची विधवा बाई अर्ध्या उघड्या जर्मनांच्या मधोमध आडवी पडणार! फोनच करणार होते, पण फोन वाण्याच्या दुकानात, आणि माझा फोन लागला की अख्ख्या गल्लीचं पीठ नेमकं तेव्हाच संपतं आणि सगळे ऐकायला दुकानात हजर.

माझा गुडघा सुजलाय, एवढा प्रवास जमणार नाही. तूही विचार कर. नजीबला बढती मिळायची आहे असं मागे लिहिलं होतंस, मग त्याच्या पोटावर पाय येईल असं काही करू नकोस. तुझा हट्टीपणा मला नवा नाही. लग्नाच्या दिवशीही तू मेंदी वाळायच्या आत अंजिरं तोडायला गेली होतीस.

राग मानू नकोस, आणि मानलास तरी पत्र पाठव.
मोंजिया

महदिया, ११ मे

आदरणीय मोंजिया खाला यांस,
नजीबचा सा. सलाम, वि. वि.

तुम्हाला त्रास देतोय, पण उम्मी फक्त तुमचं ऐकते. तिने सूसहून पास आणलाय, आणि कपाटातल्या निळ्या कापडाचा पोहण्याचा पोशाख शिवतेय, मनगटापासून घोट्यापर्यंत. मशीन दिवसभर चालू आहे. मी काही म्हटलं की आणखी जोरात चालवते.

जुलैत मला काउंटरचा मुख्य करणार आहेत. शोक्री साहेबांनी काल बोलावून सांगितलं, की तुझ्या आईला समजाव, हॉटेलची शोभा होऊ देऊ नकोस. खाला, मला तिची लाज वाटत नाही. पण त्या दिवशी मी तिथे टाय बांधून उभा असणार, सगळे कर्मचारी बघत असणार, आणि तिला कोणी काही बोललं तर मी काय करायचं ते मला कळत नाही. बढती झाल्यावर हवं तर मीच तिला दुसऱ्या एखाद्या हॉटेलात नेईन. एवढं तिला लिहा.

तुमची माया आमच्यावर आहे, या वेळी थोडी माझ्या बाजूने असू द्या.
तुमचा,
नजीब

अल-केफ, १५ मे

चि. नजीब यास,
अ. उ. आ.

मीही तिला नको म्हणून लिहिलं होतं. तुझं पत्र वाचलं आणि माझं मत बदललं.

तुझ्या बापाची होडी परत आली नाही तेव्हा तू चार वर्षांचा होतास. चाळीस दिवस झाले आणि ती त्या हॉटेलच्या मागच्या दाराने आत गेली. एकवीस वर्षं मागच्याच दाराने गेली. एवढ्या काळात तिने कोणाकडे काही मागितल्याचं तुला आठवतंय? मला आठवत नाही. आता एक दिवस मागतेय, तोही स्वतःच्या पैशाने. दुसरं हॉटेल तिला नकोय, बाळा. तिला तेच हवंय.

मी येत नाही ते गुडघ्यामुळे, लोकांमुळे नाही. तिला आजच लिहिलंय की जा, आणि माझ्या वाटचंही पोहून ये.

रागावले आहे, तरी तुझीच,
मोंजिया खाला

महदिया, २१ मे

प्रिय मोंजिया आपा हिस,
स. सलाम, वि. वि.

काल जाऊन आले. पुढच्या दाराने.

पास दाखवून मनगटाला पट्टी बांधून घ्यावी लागते, ती काउंटरवर. नजीबने मान वर न करता फ्रेंचमध्ये नाव विचारलं, जसं सगळ्यांना विचारतात. मी पोटच्या पोराला माझं नाव एकेक अक्षर सांगितलं. त्याने लिहून घेतलं. पट्टी बांधताना त्याची बोटं गार होती.

मी पहिल्या रांगेतली खुर्ची घेतली, पाण्यासमोरची. बसले. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. टॉवेलचं एक टोक नीट खळबळलेलं नव्हतं, साबणाचा वास येत होता. उठून लाँड्रीत जावं असं वाटलं, पण टॉवेल उलटा केला आणि पडून राहिले. कॉफी आली. आणणारी स्वयंपाकघरातली राधिया. मला बघून तिचं तोंड उघडंच राहिलं, मग तिने कपाखाली नॅपकिन असा घडी करून ठेवला की मंत्र्यालाही कोणी तसा ठेवणार नाही. तिने विचारलं, आणखी काय आणू. मी म्हटलं, काही नको, नुसती पडणार आहे. ती म्हणाली, की मग माझ्या वाटचंही पडून घे.

आणि मी झोपले, आपा. भर सकाळी, उघड्यावर, बूट काढून. जाग आली तर ऊन पायाशी आलं होतं आणि कोणीही माझ्या नावाने हाक मारत नव्हतं. जेवायला मेजांची ही रांग. कुस्कुस अगदी मिळमिळीत, तिखट वेगळ्या इवल्याशा वाटीत, औषधासारखं. मी तीन वाट्या घेतल्या. कलिंगड दोनदा. परत येऊन पुन्हा पडले. शेजारच्या फ्रेंच म्हातारीने मला तिचं मलम देऊ केलं, मी तिला वाटीतलं तिखट दाखवलं, आम्ही दोघी हसलो. तिचं काहीही बिघडलेलं दिसलं नाही.

तीनच्या सुमाराला नजीब आला. तापलेल्या वाळूत काळे बूट, गळ्याशी टाय. हळू आवाजात म्हणाला, की साहेब वरच्या गच्चीतून बघतायत, त्यांनी सांगितलंय की मागे स्वयंपाकघराजवळच्या खुर्चीवर बस, आणि कपड्यांसकट पाण्यात जायची परवानगी नाही, तसा फलक आहे. मी म्हटलं, फलक पोहण्याच्या तलावाजवळ आहे, तो रोज मीच पुसत होते. समुद्राला फलक नाही. आणि ही खुर्ची आज संध्याकाळपर्यंत माझी आहे, साहेबांना सांग, हवी तर उद्या मिळेल.

तो उभाच राहिला. सगळी रांग आमच्याकडे बघत होती, राधिया ट्रे घेऊन थांबली होती. मला वाटलं, आता हा माझा हात धरणार. त्याने माझ्या खुर्चीमागच्या छत्रीचा दांडा उपटला, दोन हात पुढे रोवला, सावली माझ्या तोंडावर आणली, आणि म्हणाला, की उम्मी, ऊन फार आहे. मग गेला.

मी उठले आणि पाण्यात गेले. पोशाख आधी फुगला, मग अंगाला बसला. लाल गोळ्यांच्या दोरीपर्यंत पोहले. किनाऱ्यावरच्या रखवालदाराची शिट्टी वाजली. मी पाठीवर वळले आणि तशीच तरंगत राहिले, कान पाण्यात, वर नुसतं आभाळ. पुन्हा वाजली असेल, ऐकू आली नाही. मला वाटलं तेव्हा परत आले.

गुडघ्याला ऑलिव्हचं तेल कोमट करून लाव. लोभ असाच राहो, आणि पुढच्या वेळी स्वतः ये.
दलेंदा

महदिया, २ जून

आदरणीय मोंजिया खाला यांस,
नजीबचा सा. सलाम, वि. वि.

उम्मीने सगळं लिहिलं असेल. वर काय झालं ते तिला माहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

किनाऱ्यावरून मी सरळ गच्चीत गेलो. साहेबांनी विचारलं, की ती बाई अजून तिथेच कशी. मी म्हटलं, पाहुणी आहे. ते म्हणाले, ही लाँड्रीवाली आहे. मी म्हटलं, माझी आई आहे, आणि तिला उठवायला मी पुन्हा खाली जाणार नाही. तेवढ्यात ती पाण्यात शिरली. आम्ही दोघेही बघत राहिलो. खाला, पंचवीस वर्षं त्या बाईच्या घरात राहिलो आणि तिला पोहता येतं हे मला ठाऊक नव्हतं. ती दोरीपाशी पोचेपर्यंत मी तिच्यावरून नजर काढली नाही. साहेब काहीतरी बोलत होते, मी ऐकलं नाही.

बढती गेली. एक जुलैपासून मला सामानाच्या विभागात टाकलंय. उम्मीला हे मीच सांगेन, तुम्ही लिहू नका. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण त्या दिवसापासून मला झोप चांगली लागते.

महिनाअखेरपर्यंत काउंटर माझ्याकडे आहे. काल राधिया आणि लाँड्रीतल्या तिघीजणी आल्या, त्यांच्या सुट्टीच्या दिवसाचे पास मागायला. पैसे घेऊन आल्या होत्या, आणि कोणी त्यांना देऊ नका असं मला सांगितलेलं नाही. चारही पास मी काउंटरवरच भरले, त्यांवर पहिल्या रांगेच्या खुर्च्या लिहिल्या, आणि खाली माझी सही केली, कोणालाही वाचता येईल अशी, पूर्ण नावाने.

तुमच्या रागाचाही मला आधार आहे, तो असू द्यावा.
तुमचा,
नजीब