कडी लावलेला सण

डिसेंबर ६

दासीला, थाल्लुसाला, रागावले. बाजारातून अख्खा भोपळा उचलून आणला — गोल, पिवळट. चिरूनच आणायचा, कितीदा सांगितलंय! ती लगेच सुरी घेऊन बसली. कारण तिलाही ठाऊक आहे. जानेवारीत भर चौकातून शिपाई गाल्बाचं मुंडकं घेऊन गेला, तेव्हा आम्ही दोघी तिथेच होतो. टक्कल होतं, त्याला ते धरता येईना. शेवटी अंगरख्यात गुंडाळलं. सकाळपर्यंत सम्राट होता तो माणूस.

वर्ष संपत आलं. वर्षात तीन सम्राट: गाल्बा गेला, ओथो गेला, आता विटेलियुस गादीवर आहे. आणि चौथ्याची, व्हेस्पासियनची, फौज उत्तरेकडून रोमवर येते आहे. त्या फौजेत माझा मुलगा आउलुस आहे.

डिसेंबर ९

पत्र नाही.

डिसेंबर १३

शेजारचे नोनियुस येऊन गेले. हे होते तेव्हापासूनचे मित्र. जन्मभर लिलावात पुकारे केले, त्यामुळे दोन हातांवर बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलतात. "वहिनी, क्रेमोनाच्या लढाईत काय झालं ऐकलंत? एकानं शत्रू म्हणून ज्याला भोसकलं तो सख्खा भाऊ निघाला! ढाली सारख्या, शिव्या सारख्या — ओळखायचं कसं?"

मी म्हटलं, "डोळे असतात माणसाला."

"अंधारात हो, वहिनी."

ते गेल्यावर जुनी ग्रीक पोथी काढून बसले. वडिलांनी मला ग्रीक पंतोजी ठेवून शिकवलं. मुलीला कशाला, असं सगळं गाव म्हणत असताना. ट्रॉयची सगळी लढाई पाठ होती मला. त्यात मरणाऱ्या प्रत्येकाला नाव असतं, बापाचं नाव असतं. चाळीस वर्षं मी तेच खरं धरून चालले.

डिसेंबर १७

आज सॅटर्नालिया, मालकानं गुलामाला वाढायचा सण. गल्लीत टोप्या घालून लोक ओरडताहेत, जणू काही झालंच नाही. समोरच्या हिलारुसच्या दुकानात लोकरीच्या नमद्याच्या टोप्यांचे ढीग लागलेत — आज गुलामानंही टोपी घालायची, मालकानंही. सणाला दार उघडं ठेवायचं असतं. मी कडी लावायला सांगितली.

"सणाला कडी?" थाल्लुसा म्हणाली.

"लाव."

रीतीप्रमाणे तिला पाटावर बसवलं, मी वाढलं. डुकराचं मटण, मध घातलेली पोळी. तिनं दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"आज बोलायची मुभा आहे ना, बाईसाहेब?"

"आहे."

"मग ऐका. बाळाला तुम्ही घालवलंत. ओथो गेल्यावर विटेलियुसनं त्याची हत्यारं काढून घेतली, घरी पाठवलं. पोर अंगणात सोंगट्या खेळत होतं. झोपत होतं. पहिल्यांदा नीट झोपत होतं! तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवतं काय म्हणाले ते. ओथोची शपथ घेतली होतीस, त्याला संपवणाऱ्यांच्या राज्यात सोंगट्या खेळत बसणारा मुलगा मी वाढवला नाही. दुसऱ्या दिवशी तो पूर्वेच्या, व्हेस्पासियनच्या, फौजेकडे निघून गेला. जाताना पाया पडला नाही.

ती म्हणाली, "दूध मी पाजलंय त्याला."

मी पोळी पुढे केली. तिनं घेतली नाही. सणाचा दिवस आहे, तिला रागावता येत नव्हतं. उद्याही रागावणार नाही.

डिसेंबर १९

टेकडीवरचं ज्युपिटरचं देऊळ जळालं. परक्यांनी नाही जाळलं — आमच्याच लोकांनी, एकमेकांना बाहेर काढताना! अंगणात राख पडते आहे, मऊ, पिठासारखी. थाल्लुसा झाडायला निघाली. राहू दे म्हटलं. देवळाची आहे, तिच्यावर झाडू कसा फिरवायचा?

आउलुसची फौज दोन मजलांवर सणासाठी थांबली होती म्हणे. आता निघालीय.

डिसेंबर २०

लिहायलाच हवं.

सकाळी फौज शहरात शिरली. आम्ही गच्चीवर गेलो — मी, थाल्लुसा, नोनियुस. आउलुस दिसेल म्हणून. सगळ्या गच्च्या भरलेल्या. खाली माणसं माणसांना कापताहेत, वर लोक टाळ्या वाजवताहेत! कोपऱ्यावरच्या खाणावळीत लोक वाडगे हातात धरून उभे. "अरे डावीकडे बघ, गाढवा!" नोनियुस ओरडले, मग माझ्याकडे वळून, "उशी आणायला हवी होती, वहिनी. पाठ दुखते." माणसं लढवण्याच्या आखाड्यात जन्मात दोनदा गेले असेन, दोन्ही वेळा मध्येच उठून आले. हे त्याहून वाईट होतं. इथून उठता येत नव्हतं.

जो लपेल त्याला लोकच दाखवून देत होते. "पिंपामागे आहे! जिन्याखाली!" की शिपाई जाऊन ओढून काढायचे. मग पुन्हा टाळ्या.

दुपारी गल्ली थोडी ओस पडली. आणि हिलारुसच्या दुकानाच्या दारात एकजण आला. अंगावर अस्वलाचं कातडं. ऱ्हाइन नदीकडून विटेलियुसनं आणलेले शिपाई असलंच पांघरतात. उन्हाळाभर या शहरात त्यांनी काय धिंगाणा घातला ते पाहिलंय मी. हा इथं दबा धरून बसलाय — आमची माणसं पुढे गेली की मागून मारायला. त्या माणसांत आउलुस असेल तर?

त्यानं वर पाहिलं. थेट माझ्याकडे. काहीतरी बोलला, गलक्यात ऐकू आलं नाही. वळणावरून पाच-सहा शिपाई धावत येत होते. मी त्यांना आमचे समजले.

मी ओरडले, "टोपीवाल्याच्या दुकानात!"

हात लांब करून दाखवलं. मी! माझा आवाज केवढा निघाला. नोनियुससुद्धा वळून बघायला लागले.

फार वेळ लागला नाही. पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मला पाहून.

डिसेंबर २१

विटेलियुस मेला. चौथा सम्राट झाला. नोनियुस सांगून गेले, पण आज आवाज बारीक होता. जाताना म्हणाले, "कालचे ते पाच-सहा, वहिनी... नदीकडे पळत होते. जिंकणारा पळतो कशाला? आणि त्यांनी विचारलेला परवलीचा शब्द त्याला सांगता आला नाही." मी म्हटलं, "कातडं होतं त्याच्या अंगावर. मी पाहिलंय." "हो, हो," म्हणाले.

हिलारुस उंबरा धुतोय. सकाळपासून तीनदा धुतला.

डिसेंबर २२

त्याचे ओठ हलताना दिसतात. जेवताना, दिवा पुसताना. काय म्हणाला असेल? शिवी असेल. शिवीच असणार.

थाल्लुसाशी दोन दिवसांत एक शब्द झालेला नाही.

डिसेंबर २३

आउलुस आला. जिवंत! मांडीत भाल्याची जखम आहे, पण येईल भरून. थाल्लुसा त्याचे पाय धुवायला बसली.

तीन दिवस कुठे होतास, विचारलं. म्हणाला, मित्राला जाळायला थांबलो. लुक्कियुस नाव, कापुआचा. घरी आई आहे. "समोरच्याच दुकानात होतो आम्ही, आई. मी आत, गठ्ठ्यांखाली, पाय उचलत नव्हता. तो तापानं फणफणलेला, म्हणून वाटेत एका मेलेल्या शत्रूचं अस्वलाचं कातडं त्याच्या अंगावर घातलं होतं. त्याला म्हटलं, ती गच्चीवर उभी आहे ना, ती माझी आई. तिला सांग, कडी काढ."

थाल्लुसाचे हात पाण्यात थांबले. तिनं मान वर केली नाही.

"केवढा गलका होता," तो म्हणाला. "तुला ऐकू आलं नसेल."

मी म्हणाले, नाही.